वाफ्यात आपोआप उगवलेली रोपं ओळखायची कशी, आणि पसरणाऱ्यांना आवर कसा घालायचा?

ओलीमाती

नमस्कार मंडळी,

परसातल्या एका वाफ्यात यंदा बाहेरून आणलेलं कंपोस्ट पसरलं आणि त्यावर मिश्र फुलझाडांच्या बियांची एक पुडी टाकली. पुडीवर नावं नव्हती. आता वाफा हिरवागार झालाय, पण त्यात पेरलेलं काय आणि आपसूक आलेलं काय हेच कळेनासं झालंय. एवढ्या लहान रोपांचे फोटो धूसर येतात, म्हणून वर्णन लिहिते.

१. सगळ्यात जास्त आहेत ती ही. पहिली दोन पानं मधोमध चिरलेली, प्रत्येक पान फुलपाखराच्या पंखांसारखं. त्यानंतरचं पान बदामाच्या आकाराचं.

२. कातरलेली, नक्षीदार पानं, जमिनीला चिकटून गोल पसरलेली. झेंडू किंवा कॉसमॉस असावा असा माझा अंदाज.

३. चिंचेसारखी बारीक पानं असलेली सरळ, सडपातळ रोपं. कुंपणाच्या बाजूला जास्त.

४. गवतासारखं, पण गडद हिरवं, चकचकीत. उपटलं की वरचा भाग हातात येतो आणि लवकरच तिथूनच पुन्हा फुटतं.

५. एकच रोप. पहिली दोन पानं इतकी मोठी आणि जाड की ती बीजपत्रं आहेत हे आधी लक्षातच आलं नाही. त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा मोठं आहे.

याशिवाय एका ओळखीच्यांनी पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वेल दिली आहे. 'एकदा लावा, परत बघावं लागत नाही' असं म्हणाल्या. ते ऐकून जरा धास्तीच वाटली, म्हणून ती अजून पिशवीतच आहे.

यातलं काय ठेवू आणि काय काढू? आणि ओळख पटेपर्यंत काय करायचं?

सदाफुली

३ नंबर चिंच किंवा गुलमोहर वाटतोय. फोनमधल्या अ‍ॅपवर टाकून बघा ना, लगेच नाव देतं.

भिंगवाला

ओलीमाती, वर्णन छान केलंय तुम्ही. बरेच जण 'हिरवं रोप आहे, कोणतं?' एवढंच विचारतात. तरी नाव सांगण्याआधी थोडी माहिती हवी आहे. साधं हातातलं भिंग असेल तर घ्या, नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून बघितलं तरी चालेल.

आधी प्रत्येक प्रकारातलं एकेक रोप मुळासकट काढा. उपटू नका, खुरप्याने बाजूची माती सैल करून अलगद उचला. मुळं पाण्यात खळबळून धुवा. बियांपासून आलेल्या रोपाला खाली निमुळतं होत गेलेलं एक मूळ आणि त्याच्या बारीक फांद्या दिसतात. कधी बियांचं टरफलही चिकटलेलं असतं. त्याऐवजी आडवी दोरी, गाठ किंवा कंद निघाला तर ते रोप नव्हेच, जमिनीखालून आलेली फूट आहे. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण दोघांना काढायची पद्धत पूर्ण वेगळी.

मग बीजपत्रं बघा, म्हणजे अगदी पहिली जोडी. ती पुढच्या पानांसारखी नसतातच, पण एकेका कुळात त्यांची ठेवण बरीचशी ठरलेली असते. मोहरी-मुळ्याच्या कुळात टोकाला खाच असलेली, काकडी-भोपळ्याच्या कुळात जाड, लांबट गोल आणि शिरा दिसणारी, गाजर-कोथिंबिरीच्या कुळात अरुंद आणि लांब. आंबा, वाटाणा यांची बीजपत्रं मातीतच राहतात, वर येतो तो थेट कोंब. बीजपत्रं काही आठवड्यांत गळतात, म्हणून आत्ताच टिपून ठेवा.

आता मला हवं ते:

पानं समोरासमोर जोडीने येतात की एकाआड एक?
खोड गोल, चौकोनी की तीन धारांचं? बोटांत फिरवून बघा, डोळ्यापेक्षा बोटांना लवकर कळतं.
देठ मोडला की चीक येतो का? कोणत्या रंगाचा?
पान उजेडासमोर धरलं तर पारदर्शक ठिपके दिसतात का?
चुरगळल्यावर वास?

हातमोजे घालून करा हे सगळं, विशेषतः २ नंबरच्या बाबतीत. आणि काहीही चाखून बघू नका. धोतरा, एरंड, कण्हेर यांची रोपंही अशीच निरुपद्रवी दिसतात.

खुरपं

माझं मत थोडं कडक आहे. माहीत नाही ते सगळं आत्ताच काढा. ओळख पटेपर्यंत थांबलात तर त्यातलं एखादं फुलावर येतं, बी झडतं आणि पुढची कित्येक वर्षं तुम्ही तेच निंदत बसता. बी पेरून नवीन फुलझाडं करता येतात, जमिनीत मुरलेलं तण काढणं हे दुसऱ्याच पातळीचं काम आहे.

बीजांकुर

खुरपं, काळजी पटते, पण सगळंच काढलं तर पुढच्या वर्षी परत हाच प्रश्न. न ओळखता काढलेलं पुन्हा उगवलं की पुन्हा अनोळखीच.

मी असं सुचवेन. प्रत्येक प्रकारातली दोन रोपं वेगळ्या कुंडीत हलवा आणि वाफ्यातली बाकीची काढा. कुंडी मातीवर ठेवू नका, फरशीवर किंवा विटांवर ठेवा, नाहीतर खालच्या भोकातून मुळं जमिनीत शिरतात. पट्टीवर क्रमांक आणि लावल्याची तारीख लिहा. कळी दिसली की फोटो काढायचा, फूल उमललं की नक्की ओळख होते, आणि पाकळ्या गळायच्या आत खुडायचं. बी धरू द्यायचं नाही, एवढी एक अट पाळली तर अनोळखी रोप सांभाळण्यात काही धोका नाही.

अजून एक. त्याच पोत्यातलं कंपोस्ट उरलं असेल तर एका कुंडीत नुसतं तेच भरा, काहीही पेरू नका, पाणी घालत राहा. त्यात जे उगवेल ते कंपोस्टमधून आलेलं. पुडीतल्या उरलेल्या बिया दुसऱ्या कुंडीत, उकळतं पाणी ओतून थंड केलेल्या मातीत पेरा. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या की आलं कुठून हा प्रश्न बराचसा सुटतो. वाफ्यात आहे पण दोन्ही कुंड्यांत नाही ते एकतर आधीपासून जमिनीत होतं, नाहीतर वाऱ्याने किंवा पक्ष्यांनी आणलं.

ओलीमाती

बीजांकुर, दोन्ही कुंड्या आजच भरल्या. भिंगवाला, ही घ्या उत्तरं.

१: खोड गोल, किंचित लालसर. खरी पानं एकाआड एक. देठ मोडल्यावर पांढुरका चीक, थोडासाच. मूळ सरळ, बियांपासूनचंच.

२: खोड जवळजवळ नाहीच, सगळी पानं एका मधल्या बिंदूतून निघून जमिनीवर चकतीसारखी पसरलेली. जोड्या नाहीत. पानावर बारीक मऊ लव आहे, रंग फिकट हिरवा. पारदर्शक ठिपके दिसत नाहीत. झेंडूचा वास तर मुळीच नाही.

३: बीजपत्रं नखाएवढी, लांबट. पहिलं खरं पान साध्या पिसासारखं, एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, जोड्या. मोठ्या रोपांत मात्र देठाला आडव्या उपशाखा आणि त्यांवर पर्णिका. रात्री पानं मिटतात.

४: खोड तीन धारांचं! बोटांत फिरवल्यावर लगेच कळलं. खाली काळपट, सुपारीपेक्षा लहान गाठ, आणि तिच्यातून तारेसारखा धागा पुढे दुसऱ्या गाठीला जोडलेला.

५: पानं समोरासमोर, पेरं फुगीर. चीक नाही. मूळ आत्ताच जाडसर वाटतंय. त्याला काळं, सुरकुतलेलं टरफल चिकटलेलं होतं, मिऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं.

भिंगवाला

वा, आता सरळ बोलता येईल.

५ नंबर गुलबक्षी. मोठी, असमान बीजपत्रं, फुगीर पेरं आणि ते काळं बी, शंकाच नको. ठेवा हवी तर, फुलं सुंदर असतात आणि संध्याकाळी उमलत असल्याने रात्रीचे पतंग येतात. पण बी भरपूर झडतं आणि मुळाचा कंद होऊन वरचं वाळलं तरी पुन्हा फुटतं. बिया आणि कंद विषारी, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवा.

१ नंबर आयपोमिया वंशातली वेल, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीच्या नात्यातली. चिरलेली बीजपत्रं ही तिची खूण. गणेशवेल असती तर चिरून झालेले दोन भाग दोऱ्यासारखे अरुंद असते. तुमचे रुंद आहेत. नेमकी जात फुलाशिवाय सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. बहुधा पुडीतलीच असावी, कुंडी सांगेलच.

२ नंबर झेंडूही नाही आणि कॉसमॉसही नाही. ते दोन्ही लहानपणापासून खोड वर काढतात आणि पानं समोरासमोर धरतात. झेंडूच्या पानात तेलाचे ठिपके असतात, उजेडासमोर चटकन दिसतात आणि वास लपत नाही. जमिनीलगत चकती, एकाआड एक पानं, मऊ लव, फिकट रंग, बिनवासाचं: हे गाजरगवत आहे, पार्थेनियम. याच्या बाबतीत मी खुरपं यांच्या बाजूने. कुंडीतही ठेवू नका. अनुकूल हवामानात उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात फुलावर येतं, एकेका झाडाला हजारोंनी बी, आणि त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांच्या त्वचेवर चट्टे उठतात, काहींना दम्यासारखा त्रास होतो. आत्ता, चकती असतानाच, ओल्या मातीतून मुळासकट काढणं सगळ्यात सोपं आहे. हातमोजे आणि पूर्ण बाह्या.

३ नंबर चिंच नाही. चिंचेचं पान शेवटपर्यंत साधंच पिसासारखं राहतं, दुहेरी होत नाही. तुमच्या मोठ्या रोपांत ते दुहेरी झालंय. मग उरले गुलमोहर आणि सुबाभूळ. गुलमोहराचं बी मोठं, त्यामुळे बीजपत्रंही चांगली मोठी असतात. नखाएवढी म्हणजे सुबाभूळ. पक्कं करायचं असेल तर पानाच्या मुख्य देठावर, सगळ्यात खालच्या उपशाखांच्या जोडीपाशी भिंग धरा. बशीसारखी खोलगट, छोटी ग्रंथी दिसली की सुबाभूळच. पानं मिटणं ही खूण मात्र कामाची नाही, चिंच, गुलमोहर, सुबाभूळ तिघांचीही मिटतात.

४ नंबर लव्हाळा. तीन धारांचं खोड आणि धाग्याने जोडलेल्या गाठी. हे बियांपासून आलेलं नाही.

सदाफुली

बघितलं आत्ता, आमच्या कुंपणापाशी जे चिंच म्हणून वाढवतेय त्यालाही ती बशी आहे! भिंगवाला, मनापासून धन्यवाद. मग अ‍ॅपवर अजिबात विसंबू नये का?

भिंगवाला

विसंबावं, पण कुठपर्यंत ते ठरवून. प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट यांसारखी साधनं फूल किंवा पूर्ण वाढलेलं पान दिलं तर उत्तम चालतात. दोन-तीन पानांच्या रोपावर मात्र चार वेगवेगळी नावं देतात आणि आपण पहिलं उचलतो. अ‍ॅपने दिलेलं कूळ किंवा वंश घ्या, जात स्वतः खुणा ताडून ठरवा. आयनॅचरलिस्टवर इतर माणसंही निरीक्षण तपासतात, तो भाग मला जास्त मोलाचा वाटतो. फोटो टाकताना तीन तरी टाका: वरून, बाजूने पेरं दिसतील असा आणि पानाच्या मागच्या बाजूचा.

ओलीमाती

ग्रंथी सापडली. सुबाभूळच. इतकं सुबक रोप उपटायला जीव होत नव्हता, पण कुंपणापलीकडच्या मोठ्या झाडाला लटकलेले चपट्या तपकिरी शेंगांचे झुपके आता नजरेत भरले आणि रोपं कुठून येतायत ते कळलं.

गाजरगवत सगळं काढलं, फुलावर एकही नव्हतं. पण आता काढलेल्याचं काय करू? नेहमीप्रमाणे कंपोस्टच्या ढिगात टाकायचं का? आणि ती पिशवीतली वेल: जाड, चकचकीत, तीन टोकांची पानं, देठाच्या प्रत्येक पेरापाशी पांढरी मुळं फुटलेली. पाणी न घालताही टवटवीत आहे.

खुरपं

वेल वेडेलिया आहे. जमीन झाकायला म्हणून रोपवाटिकांत सर्रास मिळते. प्रत्येक पेराला मूळ धरते आणि तुटलेल्या तुकड्यातून नवी होते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या गटाने जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक जातींची यादी केली आहे, तिच्यात वेडेलिया आहे, सुबाभूळही आहे. जमिनीत लावूच नका. लावायचीच असेल तर टांगत्या कुंडीत, जिथे फांदी लोंबून जमिनीला टेकणार नाही अशी.

काढलेल्या मालाबद्दल नीट लिहितो, कारण सगळ्यात जास्त फजिती इथे होते.

बी किंवा कळी न आलेलं कोवळं तण कडक उन्हात फरशीवर पसरून कोरडं ठाक केलं की ढिगात टाकायला हरकत नाही. फरशीवरच, मातीवर नाही. गाजरगवताला कळी आलेली असेल तर मात्र ढिगात नको. कंपोस्टमधलं बी मरायला ढीग सगळीकडून ५५ अंश सेल्सियसच्या वर काही दिवस तापावा लागतो. घरचे लहान ढीग मध्यभागी कोमट होतात, कडेने थंडच असतात. तुमच्या वाफ्यात आलेलं गाजरगवत अशाच कुठल्यातरी न तापलेल्या कंपोस्टमधून आलं असणार.

कंद, गाठी, पेराला मुळं फुटणाऱ्या वेली यांच्यासाठी दोन उपाय. एक, जाड काळ्या पिशवीत तोंड घट्ट बांधून भर उन्हात ठेवायचं, आतलं पूर्ण कुजून चिखल होईपर्यंत. दुसरा, झाकणाच्या बादलीत पाण्याखाली बुडवून कुजवायचं. वास येतो, पण काम चोख होतं, आणि ते पाणी पातळ करून झाडांना घालता येतं. फक्त बी असलेलं काही बादलीत टाकू नका, बी पाण्यात तग धरू शकतं.

रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, मोकळ्या प्लॉटवर टाकणं तर अजिबात नको. बागेतली झाडं रानात पोचतात ती बऱ्याचदा याच वाटेने, बागेतला कचरा म्हणून.

आता आवर घालण्याबद्दल. झाड पसरतं कसं हे आधी बघा, मगच उपाय निवडा.

जमिनीखालून पळणारी, उदाहरणार्थ पुदिना: बुडाला भोकं असलेली कुंडी जमिनीत पुरा, पण काठ मातीच्या वर चार-पाच सेंटिमीटर ठेवा. काठ मातीत बुडला की फांदी वरून उडी मारते. अधूनमधून कुंडी उचलून भोकातून बाहेर आलेली मुळं छाटा. बांबूचे दोन प्रकार, बेटात वाढणारा आणि धावणारा. बेटातला आपल्या जागी हळूहळू रुंदावतो. धावणाऱ्याला भोवती जाड एचडीपीई प्लास्टिकचा अडथळा लागतो, किमान ६० सेंटिमीटर खोल, वरची कड जमिनीच्या थोडी वर, आणि दोन टोकं जिथे जुळतात तिथे फट न ठेवता पक्की बंद. वर्षातून एकदा त्या कडेने फिरून ओलांडणारे कोंब कापावे लागतात. अडथळा एकदा घातला आणि विसरलो, असं होत नाही.

बियांनी पसरणारी: वेळेवर खुडणं. तेरडा, गुलबक्षी, कॉसमॉस, टेकोमा, सगळ्यांना हेच लागू. पहिली शेंग किंवा बोंड पिवळं पडायच्या आत. तेरड्याचं बोंड हात लावताच फुटतं, तिथे उशीर चालत नाही.

तुकड्यांनी पसरणारी, म्हणजे वेडेलिया, पानफुटी, सिंगोनियम: यांना यंत्राने कापू नका. एका झाडाची पन्नास होतात.

सुबाभूळ लहान असेल तर उपटा. मोठं झाड नुसतं कापलं तर बुंध्यातून झुडपासारखं फुटतं. शेंगा धरायच्या आधी छाटत राहणं हा किमान उपाय, आणि खाली उगवणारी रोपं बोटभर असतानाच काढणं. बियांचं टरफल कठीण असल्याने ती जमिनीत अनेक वर्षं जिवंत राहतात, त्यामुळे शेजारचं झाड उद्या गेलं तरी रोपं येतच राहतील.

बीजांकुर

खुरपं यांचा प्रतिसाद जतन करून ठेवण्यासारखा आहे.

पानाआड

मी वाचतेय आणि मनात एक प्रश्न येतोय. बाहेरून आलेलं प्रत्येक झाड असं शत्रूसारखं बघायचं का? आपल्या बागांतली निम्मी झाडं मुळात परक्या खंडांतली. गुलबक्षी अमेरिकेतली, झेंडू मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची. आणि आपली हरळी, लव्हाळा हेही काही कमी पसरत नाहीत.

रानवारा

पानाआड, प्रश्न रास्त आहे. परकं असणं आणि आक्रमक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय समितीने, आयपीबीईएसने, २०२३ मध्ये अहवाल दिला. माणसाच्या हातून जगभर ३७,००० हून अधिक परक्या जाती नव्या जागी पोचल्यात आणि त्यातल्या ३,५०० हून अधिक घातक ठरल्यात असं त्यात म्हटलंय. म्हणजे साधारण दहात एक. नऊ गुण्यागोविंदाने राहतात. अडचण अशी की ती दहावी कोणती हे सुरुवातीला दिसत नाही. काही झाडं अनेक दशकं बागेत शांत असतात आणि मग परागण करणारा एखादा कीटक येतो, शेजारी त्याच वंशाची दुसरी जात येते, किंवा हवामान बदलतं, आणि ती सुटतात.

घातक ठरलेल्यांतली कितीतरी शोभेसाठीच आणली गेली होती. घाणेरी १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली आणि आज देशभरातल्या जंगलांत तिच्या जाळ्या आहेत. कुडझू ही जपानी वेल अमेरिकेत १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडली होती, पुढे १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायला सरकारनेच ती लावायला लावली. जपानी नॉटवीड युरोपात एकोणिसाव्या शतकात बागेचं झाड म्हणून गेलं. आता ब्रिटनमध्ये ते रानात लावणं किंवा पसरवणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या मुळाचा ग्रॅमभरापेक्षा लहान तुकडाही नवं झाड करू शकतो.

लव्हाळा, हरळी त्रास देतात हे खरं, पण तो त्रास वाफ्यापुरता आणि शेतापुरता. घाणेरी जेव्हा जंगलात गवत आणि लहान झाडं दाबून टाकते, तेव्हा त्यावर जगणाऱ्या किड्यांपासून हरणांपर्यंत सगळ्यांचं खाणं जातं. माझी कसोटी ही: झाड माझ्या कुंपणाबाहेर स्वतःच्या बळावर जाऊ शकतं का, आणि गेलं तर तिथल्यांची जागा घेतं का? पहिल्याला 'हो' असेल तर मी खुडण्याची जबाबदारी घेतो. दुसऱ्यालाही 'हो' असेल तर लावतच नाही.

पानाआड

पटलं. पण मग घाणेरीच्या त्या बुटक्या, रंगीत संकरित जाती? फुलपाखरं किती येतात त्यांच्यावर. 'बी धरत नाही' असं सांगून विकतात.

रानवारा

सगळ्या सारख्या नाहीत. काही खरोखर जवळजवळ वांझ आहेत, काही थोडं बी धरतात. आणि फळ न धरणाऱ्या काही जातींचे परागकण मात्र जिवंत असतात, ते रानातल्या घाणेरीला फळवू शकतात. तुमच्या झाडाला हिरवी-काळी फळं कधीही दिसली तर ते नक्कीच वांझ नाही. पक्षी ती खातात आणि बी दूर नेतात. जंगलाजवळ राहणाऱ्यांनी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फुलपाखरांसाठी तुमच्या भागातली मूळची झुडपं शोधा. मध कितीतरी फुलांत मिळतो, पण अळ्यांना खायला लागणारी पानं बऱ्याचदा त्या मूळच्या झुडपांवरच मिळतात.

मोठी घाणेरी काढायची वेळ आली तर वरून छाटू नका, जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत चांगली चालते: मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. फूट येते ती मुळाच्या वरच्या गळ्यापासून, तो भागच निघून गेला की खालचं मूळ मरतं.

निवडुंग

विषय निघालाच आहे तर, टाकीतल्या पाणवनस्पतींचं काय? जांभळ्या फुलांची जलपर्णी एकाने हौसेने दिली होती, आता टाकी भरून गेलीये.

रानवारा

सगळी बाहेर काढून फरशीवर कोरडी करा. नदी, तलाव, नाला, गटार, कुठेही एक रोपसुद्धा जाऊ देऊ नका. चांगल्या हवेत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तिच्या विक्रीवरच बंदी घातली. टाकी रिकामी करताना पाणी झाडाखालच्या मातीत ओता, बारीक पिल्लं तिथेच सुकतील. टाकीत हवंच काही तर तुमच्या भागातलं कमळ किंवा कुमुद लावा, तेही टाकीत बुडवलेल्या कुंडीत.

सदाफुली

गाजरगवतावर ते मेक्सिकन भुंगे सोडतात ना? बागेत आणून सोडले तर?

रानवारा

हो, झायगोग्रामा नावाचे. भारतात १९८४ पासून सोडले गेले आणि पावसाळ्यात मोठ्या पडीक जागेवर पानं फस्त करतात. पण भुंगे तण कमी करतात, संपवत नाहीत. वाफ्याएवढ्या जागेत हात आणि खुरपं हेच जास्त खात्रीचं.

ओलीमाती

कुंड्यांचा निकाल आला, सांगायला उशीर झाला. नुसत्या कंपोस्टच्या कुंडीत गाजरगवताची बारीक रोपं, पुडीच्या कुंडीत १ नंबरची वेल. म्हणजे कोण कुठून आलं ते स्पष्ट झालं. वेलीला पहिलं फूल आलंय, निळं-जांभळं, गळा पांढरा. खरं पान तीन भागांत कापलेलं नाही, अखंड बदामी आहे आणि फुलाखालची हिरवी दलं टोकाला आखूड आहेत. भिंगवाला, फोटो टाकलाय, बघाल का? तोवर उमलेल ते दुसऱ्या दिवशी खुडतेय.

वेडेलिया काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवली. दिली त्यांना वाईट वाटू नये म्हणून सरळ सांगितलं की ही जमिनीत सुटते. त्यांच्याकडे ती आता शेजारच्या ओढ्यापर्यंत पोचलीये म्हणे, आम्ही दोघी मिळून ती बाजू साफ करायचं ठरवलंय.

उरला लव्हाळा. खणून काढला तितका काढला, पण परत येतोच आहे.

भिंगवाला

फोटोवरून आयपोमिया पर्प्युरिया वाटतेय. शोभेची म्हणून जगभर लावतात, काही देशांत ती शेतातलं तण झाली आहे. बिया कठीण आणि विषारी. कुंडीत, खुडत ठेवणार असाल तर ठेवा. वाफ्यातल्या मात्र सगळ्या काढा, आणि पुडी पुढे कुणाला दिलीत तर वर नाव आणि 'बी धरू देऊ नये' एवढं लिहून द्या.

खुरपं

लव्हाळ्यासाठी धीर आणि वेळापत्रक दोन्ही लागतं. कोंब वर आल्यावर सुमारे तीन आठवड्यांत तो खाली नवीन गाठी करू लागतो. त्याच्या आत, पाच-सहा पानं व्हायच्या आधीच, प्रत्येक वेळी काढलात तर जुनी गाठ साठवलेलं अन्न खर्च करत जाते आणि नवी होत नाही. एकदा खणून थांबलात तर उलट होतं, साखळी तुटून झोपलेल्या गाठींना जाग येते. प्लास्टिकचं पातळ आच्छादन घालू नका, त्याचे टोकदार कोंब ते भोसकून वर येतात. जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर आणि वर पालापाचोळा बरा, पण कडेने बाहेर येणारे कोंब बघत राहावे लागतात.

सावलीत मात्र तो खंगतो. त्या वाफ्यात पुढचा हंगामभर दाट पानांचं काहीतरी लावा, रताळ्याची वेल किंवा चवळी, आणि दर आठवड्याला पानं बाजूला सारून खाली नजर टाका.